साउपाकची लाल अक्षरं

…तर लाल शाईची बाटली कलंडली, इथवर आपण काल आलो होतो. कलंडली म्हणजे नुसती आडवी झाली असं नव्हे. टेबलावरून घरंगळत निघाली, वाटेत साउपाकच्या पायजम्यावर सांडली, खाली झोपलेल्या मांजरीच्या पाठीवर सांडली, आणि ते लाल मांजर भेदरून जे उडालं ते थेट शेजारच्या लुक काकूच्या अंगणात, वाळत घातलेल्या खाऱ्या मासळीवर. काकू तरातरा आली. दारात उभं राहून तिने लाल टेबल पाहिलं, लाल पायजमा पाहिला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं,

"साउपाक, कोंबडं कापलंत की स्वतःला?"

"कोंबडं असतं तर तू एवढ्या लांब उभी राहिली असतीस का? वाटी घेऊन चुलीपाशी बसली असतीस."

"माझे चार मासे लाल झाले, त्याचं काय?"

"नववर्षाला वाढ. शुभ रंग आहे."

काकू हसली आणि फडकं आणून फरशी पुसायला बसली. साउपाक हसले नाहीत. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. अंगठ्याशेजारची दोन बोटं आपल्याच नादात थरथरत होती, झाडाला वारा लागावा तशी. बाटली मांजरीने पाडली नव्हती, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

आता, जे काल आले नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. पाक म्हणजे थोरले काका. ताई लो आउ या खाडीकाठच्या चिनी गावात पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष कुणाचा ना कुणाचा पाक असतोच. वान क्वोंग-साउ हे त्यांचं पूर्ण नाव फक्त ओळखपत्रावर होतं. उतरणीवर रताळ्यांच्या शेताचे चार तुकडे, एक गाय, खाडीतल्या एका होडीत अर्धा वाटा, एवढा त्यांचा संसार. शाळा झाली चार वर्षं, तीही कुळाच्या पूर्वजमंदिरात, उदबत्तीच्या धुरात. मास्तर जुन्या वळणाचे. मुलांच्या तळहातात कोंबडीचं अंडं द्यायचे आणि त्या मुठीत कुंचला धरून लिहायला लावायचे. तळवा पोकळ राहिला तर अंडं राहील, मूठ आवळली तर फुटेल. फुटलं तर घरून दुसरं आणायचं. न फुटलेली अंडी संध्याकाळी मास्तर कांद्याच्या पातीवर तळून खायचे. साउपाक मोठेपणी सांगत, "चार वर्षांत माझ्या हातून एकही अंडं फुटलं नाही. त्या माणसाला मी पोसलाय."

अक्षर मात्र असं झालं की नाव ते. दर नववर्षाला दाराच्या दोन्ही अंगांना लावायच्या लाल पट्ट्या गावातली सगळी घरं त्यांच्याकडूनच लिहून घेत. आडवी रेघ ओढली की तिच्यावर तांदळाचा दाणा ठेवावा आणि तो घरंगळू नये, असा हात.

त्यांचा मुलगा येन-हो आणि सून, दोघं इंग्लंडला गेली तेव्हा नात सीउलाम एक वर्षाची होती. तेव्हा गावातलं प्रत्येक घर असंच अर्धं रिकामं होत होतं. तरणी माणसं तिकडे तळलेल्या मासळीची दुकानं चालवायची आणि लेकरं इकडे म्हाताऱ्यांच्या पाठीला बांधलेली. सीउलाम चार वर्षांची असताना आजी वारली. मग उरले दोघंच, एक आकुंग आणि एक नात. आकुंग म्हणजे आजोबा, पण ती हाक पोरगी अशी मारायची की समोरच्या डोंगरावर गाय मान वर करायची.

तिला त्यांनी लिहायला शिकवलं ते पाण्याने. घरापुढे काळी फरशी होती. बांबूची काडी टोकाला चेचून कुंचला केला, वाटीत पाणी घेतलं. उन्हात फरशी तापलेली असायची, त्यामुळे पहिली रेघ वाळायच्या आत शेवटची ओढून व्हायला हवी. "आधी आडवी, मग उभी," ते सांगायचे. "आधी डावी, मग उजवी. चौकटीचं अक्षर म्हणजे घर, त्याच्या भिंती आधी, माणसं नंतर, आणि दार सगळ्यात शेवटी लावायचं."

"आकुंग, दार लावल्यावर आतल्या माणसाने बाहेर कसं यायचं?"

"तू आधी त्याला आत तर घाल. अजून त्याचा एक पायच झालाय."

तिला एकेका अक्षराचा अर्थ आधी कळायचा, मग हात वळायचा. हे पाणी, हा डोंगर, हे भाताचं शेत, ही गाय, शिंगासकट. बघता बघता पोरगी साठ अक्षरं लिहू लागली आणि सात वर्षांची झाली. मग एका मे महिन्यात येन-होचं पत्र आलं की तिकडच्या शाळेत नाव घातलंय, पाठवून द्या. गावची बोट आली, विमानात सोबत करणारी एक बाई आली. सीउलामच्या हातात रताळ्याच्या वड्यांचा डबा होता. बोट वळेपर्यंत ती धक्क्याकडे बघत होती, आणि साउपाक धक्क्यावर उभे राहून मोठ्याने सांगत होते, "आधी आडवी, मग उभी." दुसरं काय सांगायचं ते त्यांना सुचलंच नाही.

तिकडे गेल्यावर जे झालं ते येन-होच्या पत्रांतून कळायचं. पहिलं वर्ष पोरीला जड गेलं. इंग्रजीची अक्षरं मोजून सव्वीस, पण पोरगी ती एकेक करून चौकटीत बसवायची. सगळी सारख्या उंचीची, एका घरात एक, शेजारच्याला स्पर्श नाही. बाईंनी फळ्यावर नवा शब्द लिहिला आणि विचारला, तर ही गप्प. बाई म्हणायच्या, वाचून बघ की. ही सांगायची, हा शब्द मला अजून कुणी दाखवलेला नाही. वर्गात सगळे हसले. घरी येऊन तिने बापाला विचारलं, "न दाखवलेला शब्द लोक कसा वाचतात?"

आता यात पोरीचं चुकलं कुठे? आपल्या चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द, आणि न शिकवलेलं अक्षर म्हणजे अनोळखी माणूस. त्याचं नाव तोंडाकडे बघून थोडंच कळतं? पण दीड वर्ष गेलं आणि कुलूप उघडल्यासारखं झालं. येन-होने लिहिलं, "बाबा, आता ती दिसेल ते वाचते. दुकानाच्या पाट्या, सॉसच्या बाटल्या, मासे गुंडाळायची वर्तमानपत्रं. अर्थ कळो न कळो, घडाघडा वाचते."

हे पत्र घेऊन साउपाक गावच्या शाळेत गेले. शाळा म्हणजे एक खोली, अकरा मुलं आणि हो बाई. शहरात शिकलेल्या, तिशीच्या, जिभेला धार असलेल्या.

"बाई, अर्थ न कळता वाचते म्हणजे काय करते?"

"त्यांची अक्षरं आवाजाची असतात, साउपाक. आवाजाला आवाज जोडायचा. शब्द आधी तोंडात येतो, मग डोक्यात."

"म्हणजे तिकडे तोंड आधी शिकतं आणि इकडे हात."

"तसंच म्हणा."

"म्हणूनच तिकडची माणसं इतकी बोलतात."

"आणि इकडची माणसं हातातलं काम सोडून माझा वर्ग बंद पाडायला येतात," बाई म्हणाल्या. मुलं खुदखुदली.

पण त्या दिवशी साउपाकच्या मनाने घेतलं की तोंड तिकडचं झालं तर होऊ दे, हात तरी आपला राहिला पाहिजे. बोलण्याचं काही खरं नव्हतं. नववर्षाला बाजारगावातून फोन लावला की ती "आकुंग" म्हणायची आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. म्हणून त्यांनी लाल कागद सुरू केले. पातळ कागदावर बारा चौकटी आखायच्या, त्यात लाल शाईने अक्षरं काढायची आणि टपालाने पाठवायची. तिने त्या लाल रेघांवर काळ्या शाईने गिरवायचं आणि कागद परत पाठवायचा. दर पंधरवड्याला दोन-तीन अक्षरं नवी, बाकी जुनी. कोणतं अक्षर कधी पाठवलं ते सगळं एका वहीत मांडलेलं. कागद परत आला की साउपाक तो उजेडात धरत. काळ्या रेघेखाली कुठे कुठे आपलं लाल दिसायचं. त्यावर बोट फिरवत ते बराच वेळ बसत. पोरीचा हात आपल्या हातात असल्यासारखं वाटायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लुक काकूला न सांगता कळलं होतं, ती गोष्ट वेगळी.

थरथर आली ती त्यानंतर. एका पावसाळ्यात ताप आला, ताप गेला आणि बोटांत हे ठेवून गेला. नववर्ष आलं. गावातले लोक पट्ट्या लिहून घ्यायला आले, वाकड्या रेघा बघून गेले. पुढच्या वर्षी कुणी आलं नाही. सगळ्यांच्या दारावर बाजारातल्या छापील पट्ट्या लागल्या. कुणी एक शब्द बोललं नाही आणि साउपाकनीही विचारलं नाही. फक्त आपल्या दाराला त्यांनी स्वतःच्या हाताची पट्टी लावली, वाकडी. लाल कागद मात्र चालूच होते. लहान पोरीला काय कळतंय, असं त्यांना वाटलं.

आणि बाटली सांडली त्याच आठवड्यात येन-होचं पत्र आलं.

"बाबा, घाबरू नका. शनिवारी चिनी शिकवणाऱ्या मास्तरांनी आम्हाला बोलावलं होतं. सीउलामचा हात थरथरतो म्हणाले. प्रत्येक रेघ कापरी. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हात तपासला, बोटं तपासली, काही नाही म्हणाले. इंग्रजी लिहिते तेव्हा हात खांबासारखा स्थिर. कुणाला काही कळेना. मग तुमच्या सुनेने तुमचा एक लाल कागद तिच्या वहीशेजारी ठेवला. बाबा, ती तुमची थरथरसुद्धा गिरवते. एकही वळण सोडत नाही. मास्तर म्हणतात, या वयात हात बसतो तो जन्माचा. तुम्ही आता दगदग करू नका. तब्येतीला जपा."

साउपाकनी पत्र तीनदा वाचलं. थांबा, असं मुलाने कुठेच लिहिलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ते हो बाईंपुढे जाऊन उभे राहिले. हातात कोरे कागद आणि नवी बाटली.

"बाई, तुमचं अक्षर सरळ आहे."

"आज साखर कशासाठी पेरताय?"

"माझ्या नातीचे कागद तुम्ही लिहा."

"बाजारात छापील वह्या मिळतात की."

"त्या तिच्या मास्तरांकडेही आहेत. माणसाच्या हाताचं हवं."

बाईंनी पत्र वाचलं आणि कोरे कागद आपल्याकडे ओढले. मुलांच्या बुटक्या बाकावर साउपाक गुडघे हनुवटीला लावून बसले आणि कोणत्या चौकटीत कोणतं अक्षर ते सांगू लागले. बाईंनी लिहिलं. कागद असा देखणा झाला की नजर लागावी. साउपाकनी तो लांब धरून पाहिला.

"झकास," ते म्हणाले. "माझी नात आता चांगल्या घरात पडली."

"तोंड असं का मग?"

"चांगल्या घरात पडलेल्या पोरी माहेरी कमी येतात."

असे तीन कागद गेले. एकही परत आला नाही. टपालाची बोट मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. साउपाक तासभर आधी धक्क्यावर जाऊन बसू लागले. ओहोटीला खेकडे मोजायचे, भरतीला पाणी किती पायऱ्या चढलं ते बघायचे. लुक काकू शिंपले वेचता वेचता विचारायची, "बोट तुम्हाला बघून येते की तुम्ही बोटीला?"

"रताळी पाठवायचीत."

"रताळी घरी विसरलात वाटतं."

मग टोपलीतले मूठभर शिंपले त्यांच्या शेजारी ठेवून जायची.

सहाव्या शुक्रवारी पत्र आलं. पाकिटावरचा पत्ता येन-होच्या हातचा होता, पण आत एकच कागद, आणि तो अख्खा इंग्रजीत. गोल, घट्ट, एकमेकांचे हात धरून चाललेली अक्षरं. साउपाकनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि तडक शाळा गाठली. बाईंनी मुलांना अंगणात पिटाळलं.

"खाली नाव ऑड्री आहे," बाई म्हणाल्या.

"ही कोण?"

"तुमचीच नात. शाळेत ठेवलं असेल ते नाव."

"बरं," साउपाक म्हणाले. "बरं. वाचा."

बाई वाचू लागल्या, एकेक ओळ आपल्या भाषेत करत. "जो कोणी आता लाल कागद लिहितो त्याला. तुमचं अक्षर छान आहे, पण ते माझ्या आकुंगचं नाही. आकुंगची रेघ निघताना एकदा हलते आणि पोचताना दोनदा हलते. मला त्यांची प्रत्येक रेघ पाठ आहे." इथे बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुढे हवामानाचं वगैरे आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, हवामान सांगायला तिने इंग्रजी काढलं नसतं. सगळं वाचा."

"'आकुंग वारले आहेत का ते मला सांगा. बाबा म्हणतात ते बरे आहेत. पण दोन वर्षांनी घरी जाऊ, असंही बाबाच म्हणाले होते. हा प्रश्न मला चिनीत लिहायचा होता. पण त्यातलं मुख्य अक्षर आकुंगनी मला शिकवलेलं नाही, म्हणून इंग्रजीत लिहिते. कुणाकडून तरी वाचून घ्या. उत्तर येईपर्यंत मी गिरवणार नाही.'"

अंगणात मुलं चेंडू खेळत होती. साउपाकनी कागद परत मागितला, नीट चौघडी केली आणि खिशात घातला.

"लगेच फोन लावा बाजारातून," बाई म्हणाल्या. "आवाज ऐकला की झालं."

"फोनवर मी बोलीन आणि ती श्वास घेईल. तिने हाताने विचारलंय, बाई. हातानेच सांगायला हवं."

"मग लिहा, मी मेलेलो नाही."

"ते अक्षर मी तिला दिलेलं नाही. माझ्या हाताने देणारही नाही."

"आणि तुमची थरथर? पोरीच्या हाताचं काय?"

ही खरी अडचण होती, आणि त्या क्षणी नव्हे, त्या रात्रीही नव्हे, रविवारी सकाळी गाईला पाणी पाजताना त्यांना वाट सुचली. आपल्या पिढीचं वाचणं आणि लिहिणं एकाच कागदावर झालं होतं, म्हणून ते वेगळं करता येतं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गिरवायला एक हात, वाचायला दुसरा. ती पोरगी तिकडे नाही का, तोंडाने एक भाषा बोलत होती आणि हाताने दुसरी धरून होती? ते बादली तिथेच ठेवून हो बाईंच्या दाराशी गेले. बाई केस धूत होत्या.

"लाल कागद तुम्हीच लिहायचे," साउपाक बाहेरूनच म्हणाले. "पत्र मी लिहिणार. लाल कागद गिरवायला, पत्र वाचायला. दोन्ही एकाच पाकिटात."

"हे सांगायला रविवार सकाळच सापडली का?"

"येत्या रविवारी सांगितलं असतं तर दोन बोटी चुकल्या असत्या."

घरी येऊन त्यांनी वही काढली. पाठवलेली अक्षरं मोजली, ती भरली दोनशे अकरा. या दोनशे अकरात जे बसेल तेवढंच सांगता येणार होतं. आठवण हे अक्षर त्यांत नव्हतं. पुढच्या महिन्यात द्यायचं, म्हणून ते गेलं वर्षभर मागे राहिलं होतं. त्याखाली काळीज काढायचं असतं, आणि त्या काळजाचे तीन ठिपके लहान मुलांना नेमक्या जागी पडत नाहीत. परका देश, विमान, एकटं, यांतलंही काही नव्हतं. होतं ते सगळं साधं. भात, हात, पाणी, गाय, मोठं, लहान, येणं, जाणं.

पूर्वजमंदिरासमोरच्या ओट्यावर उजेड चांगला होता, तिथे बसले. पहिला कागद बिघडला. दुसऱ्यावर शाईचा थेंब पडला. लुक काकू येऊन मागे उभी राहिली, तिने वाकून पाहिलं आणि शाईची बाटली त्यांच्या कोपरापासून लांब सरकवून गेली. तिसरा कागद त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सुरू केला. चार अक्षरं झाल्यावर मनगट सोडून दिलं. हाताला हवं तसं जाऊ दिलं. निघताना एकदा, पोचताना दोनदा.

सोमवारी बाईंचा लाल कागद आणि हे पत्र एकाच पाकिटात घातलं. पाकीट चिकटवण्याआधी बाईंनी ते वाचलं. त्यात हेच होतं, अक्षर न् अक्षर:

"सीउलाम, मी आहे. रोज भात खातो. हात म्हातारा झाला, मी झालो नाही. लाल अक्षरं बाईंची. बाई चांगल्या. तू बाईंचा हात लिही, माझा हात बघ. गाईला लहान गाय झाली. पाणी जातं, पाणी येतं. मी बघत बसतो. तू मोठी हो. ये."